मंगळवारी अकराची थरथर

वाटीतलं पाणी हललं आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

कुणाचा हात लागला नव्हता. वारा पडलेला होता. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे पत्र्याचा एक रिकामा डबा उलटा ठेवला होता. त्याच्यावर पसरट वाटी, वाटीत काठोकाठ पाणी, आणि त्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, जणू खालून कुणी बोटं वाजवत होतं.

"उठला!" वाटीमहाराज ओरडले आणि दोन पावलं मागे सरले. "ऐका रे, ऐका! त्या इमारतीतल्या यंत्रांना काय म्हणतात? सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सेवक. मग मालक कोण? मालक खाली आहे! जमिनीच्या पोटात! तुमच्या विहिरी कुणी प्यायल्या? त्यानंच. आता पाणी सरलं की तो काय पिणार?"

महाराजांची नजर बायकांवरून फिरत फिरत एका पोटाशी थांबली. आठव्या महिन्यातलं पोट होतं ते.

"जन्माला न आलेलं रक्त," महाराज हळू आवाजात म्हणाले.

ज्या सुनेचं ते पोट होतं, तिनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग महाराजांनी बाही जरा वर करून मनगटाकडे पाहिलं, लोखंडी खुंटी उचलली आणि हातोड्यानं जमिनीत ठोकली. एक. दोन. तिसऱ्या घावाला पाणी आरशासारखं स्थिर झालं. बायका रडायला लागल्या. पुरुषांनी डोळे पुसले, पण दुसरीकडे बघत.

सुनेची सासू आज पहिल्यांदाच काम सोडून आली होती आणि गर्दीच्या मागे उभी होती. दूध संकलन केंद्रावर ती काटा सांभाळायची, म्हणून सगळा गाव तिला काटेबाई म्हणे. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आज तिनं माणसं मोजली, महाराजांच्या गाडीत गेलेली तांब्याची भांडी मोजली (आजची एक्केचाळीस, महाराजांच्या मते तांबं थरथर पिऊन टाकतं, मात्र ते त्यांच्याच घरी ठेवल्यावर), आणि महाराजांनी घड्याळ किती वेळा पाहिलं तेही मोजलं. सहा वेळा. पाताळातल्या मालकाशी ज्याचं बोलणं आहे त्याला घड्याळ कशाला लागतं, हे तिला कळेना. पण तीही घाबरली होती. ते खोटं कशाला बोला.

घाबरण्यासारखं होतंच. पुलापलीकडे कंपनीची, संगणकांनी भरलेली बिनखिडक्यांची पांढरी इमारत उभी राहिल्यापासून अष्टौप्रहर घूं घूं चालू होती. उशीत कान खुपसला तरी ती ऐकू येई. विहिरीचं पाणी दोन पायऱ्या खाली गेलं होतं. कुंपणाशी उभं राहिलं की चुलीसारखी गरम हवा अंगावर येई. सुरुवातीला कंपनीचा एक साहेब रंगीत चित्रं घेऊन आला होता. लोकांनी पाण्याचं विचारलं, आवाजाचं विचारलं. तो म्हणाला, "वर विचारून सांगतो." पाच महिने झाले, वरून काही आलं नव्हतं. ती रिकामी जागा महाराजांनी भरून काढली.

पुलाच्या तोंडाशी त्यांनी चुन्याची रेषा मारली होती. दर मंगळवारी ती नव्यानं मारत. गरोदर बाईनं ओलांडली तर कूस रिकामी होणार, आणि बाकीच्यांनी ओलांडली तर काय, ते महाराज सांगत नसत, नुसती मान हलवत. त्यामुळे सगळेच थांबले. काटेबाईचा मुलगा दुधाचा टेम्पो चालवायचा. शहराच्या पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला तो आता खाणीकडून वळसा घालून दीड तास लावत होता.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी गावच्या नर्सबाई घरी आल्या. सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला आणि परत भरली.

"पाय कधीपासून सुजलेत?"

"आठ दिवस झाले," सून म्हणाली. "डोकंही दुखतंय. मघाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले."

नर्सबाईंनी काटेबाईला दाराबाहेर नेलं. "मावशी, रक्तदाब फार चढलाय. हिला झटका येऊ शकतो. आज नाही तर उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात पोचलीच पाहिजे. आणि खाणीच्या रस्त्यानं नाही हं. दीड तास ते धक्के खाणं हिला परवडणार नाही."

मुलगा ऐकायला तयार नव्हता. "महाराजांनी त्याला बांधायला सात खुंट्या सांगितल्यात, आई. पाच झाल्या. दोन मंगळवार कळ काढू."

"रक्तदाबाला मंगळवार कळतो का रे?"

"तू नको ना हसण्यावारी नेऊस! गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोर गेलं आमचं. परत नाही मला..."

"गेल्या वर्षी त्या इमारतीचा पायाही खणला नव्हता. मग तेव्हा कोण प्यायलं?"

त्यानं टेम्पोची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं."

काटेबाई केंद्रावर जाऊन बसली. हात रिकामे राहिले की तिला भीती जास्त वाटायची, म्हणून तिनं पेंडीच्या पोत्यांची वही पुढे ओढली. पेंडीची पोती मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी अकराला तोलली जात. शेरा लिहायच्या रकान्यात तिचंच अक्षर होतं: "काटा ठरेना, ११ ते ११.२०." तिनं पान उलटलं. पुन्हा तेच. सात वेळा तेच, आणि सातही वेळा मंगळवार. गुरुवारी आणि शनिवारी काटा शहाण्यासारखा वागला होता. केंद्र पुलापासून शंभर पावलांवर होतं.

जमिनीतला मालक दर आठवड्याला ठरल्या वेळी वीस मिनिटंच उठतो? मग तो मालक कसला? तो तर पगारी माणूस झाला.

ती उठली आणि पुलाकडे चालू लागली. रेषेपाशी तिचे पाय आपोआप थांबले. जवळपास कुणी नव्हतं, तरी सगळा गाव बघतोय असं वाटत होतं. घूं घूं छातीत घुमत होती. सुनेचे सुजलेले पाय आठवले, आणि तिनं डोळे मिटून पाऊल पलीकडे टाकलं. काही झालं नाही. पुढची दोनशे पावलं मात्र ती काही व्हायची वाट बघतच चालली.

फाटकाला एक पाटी होती. ती लागून दोनच महिने झाले होते, आणि रेषा आल्यापासून गावातलं कुणी इकडे फिरकलं नव्हतं. "सूचना. वीज गेल्यास चालवायच्या जनरेटरची चाचणी दर मंगळवारी सकाळी ११ ते ११.२०. आवाज व कंप जाणवेल. घाबरू नये." खाली एक कागद नव्यानं डकवला होता: "या आठवड्यापासून वेळ १० ते १०.२०."

पहारेकरी खुर्चीवरून उठला. "वाचताय? वा! पाटी वाचायला आलेल्या तुम्ही दुसऱ्या."

"पहिलं कोण?"

"ते तुमचे वाटीवाले. दोन महिने झाले. फोटोसुद्धा काढून नेला पाटीचा."

रेषा कशासाठी होती ते आता तिला कळलं. माणसं इथवर येऊ नयेत, पाटी वाचू नयेत, एवढ्यासाठीच ती होती.

घरी येऊन तिनं मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाटी कंपनीवाल्यांनी मुद्दाम लावली असेल." सून भिंतीला टेकून, डोळ्यांवर हात घेऊन ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "मला दोन्हींची भीती वाटते. त्या रेषेचीही आणि या डोक्याचीही."

मंगळवारी सकाळी नवाच्या सुमारास तिला उलट्या सुरू झाल्या. नर्सबाई आल्या आणि कुणाला न विचारता तिला टेम्पोत बसवलं. मुलगा स्टेअरिंगवर बसला खरा, पण पुलापाशी येताच त्यानं इंजिन बंद केलं. गर्दी आधीच जमली होती आणि लोकांनी हातात हात घालून वाट अडवली होती.

"काटेबाई, सुनेचं वाटोळं करशील आणि आमचंही!" एक म्हातारा ओरडला.

महाराज डब्यावर वाटी मांडत होते. काटेबाई टेम्पोतून उतरून सरळ तिथं गेली. तिचा आवाज काट्यावर आकडे ओरडायच्या सवयीचा होता.

"दहाला दोन मिनिटं कमी आहेत. पाणी शांत आहे ना? सगळ्यांनी बघून घ्या. दहाला हलेल."

"माई," महाराज हसले, "अकराच्या आधी तो जागा होत नाही."

"त्याची पाळी बदललीय. तुम्हाला कळवलं नाही वाटतं?"

दोनचार जण हसले. मग हसणं विरलं, कारण पाण्यावर वर्तुळं उठायला लागली होती. कुणीतरी किंचाळलं. महाराजांचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं.

"कोप!" ते सावरून ओरडले. "हिनं डिवचलं त्याला!" त्यांनी खुंटी घेतली आणि ठोकायला लागले. एक, दोन, तीन. पाणी हलतच होतं. दहा घाव झाले, पंधरा झाले. महाराजांच्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"दहा वीसपर्यंत ठोकत राहा, मग थांबेल," काटेबाई म्हणाली. "झेपेल ना?"

तिनं वाटी उचलली आणि रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली. पाणी स्थिर झालं. परत डब्यावर ठेवली, पाणी थरथरलं. "रिकामा पत्रा आहे हा. बारीक थरथरही मोठी करून दाखवतो. या, तुम्हीच करून बघा कुणीतरी."

पुढे कुणी आलं नाही. आला तो तिचा मुलगा, टेम्पोतून उतरून. त्यानं डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बारा वर्षं तो गाड्या चालवत होता. बॉनेटवर हात ठेवून कुठला भाग कुरकुरतोय ते सांगणारा माणूस. हात तसाच ठेवून तो उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "हे इंजिन आहे." मग गर्दीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "डिझेलची इंजिनं आहेत ही! चारपाच तरी असतील. एकाचं टायमिंग बिघडलंय, कळतंय मला!"

टेम्पोतून नर्सबाईंचा आवाज आला. "चला! हिला दिसेनासं झालंय!"

मुलानं एकदा रेषेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि धावत जाऊन इंजिन सुरू केलं. लोकांचे हात सुटले. "मी इथंच थांबते," काटेबाई रेषेवर उभी राहून म्हणाली. "काही बरंवाईट झालं तर मला धरा." टेम्पो पूल ओलांडून फाटकापुढून गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

दहा वीसला पाणी थांबलं. तेव्हा महाराज खुंटीपाशी बसून धापा टाकत होते. त्यांचा हातोडा जमिनीवर पडला होता.

काटेबाईनं पाटीचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. महाराज गाडीकडे सरकू लागले तसा बायकांनी दरवाजा अडवला. "आमची भांडी?" भांडी कधीच भंगारात गेली होती.

पण घरी कुणी गेलं नाही. वाटी हलण्यामागचं कारण कळलं होतं, रेषेचं भय मात्र अंगातून निघत नव्हतं. ऊन चढलं तरी माणसं फोनची वाट बघत पुलाशी बसून राहिली. आपलं चुकलं असेल तर, एवढा एकच विचार काटेबाईच्या डोक्यात फिरत होता.

तीनला फोन वाजला.

"मुलगी झाली," मुलगा रडत होता. "ऑपरेशन करावं लागलं. फार बारकी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. दोघी जिवंत आहेत, आई. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या."

काटेबाई मटकन खाली बसली. पदरात तोंड घालून ती रडली, आणि मग तोंड पुसून उठली.

"आपण उगाच नाही घाबरलो," ती लोकांना म्हणाली. "पाणी खरंच खाली गेलंय. आवाजही खराच आहे. पण घाबरलेल्या माणसानं विचारायचं सोडलं की त्याला कुणीही उल्लू बनवतं. माझी नात आज त्यातच गेली असती. तेव्हा यापुढे कुणी काही सांगितलं, महाराजानं सांगितलं, साहेबानं सांगितलं, किंवा मी सांगितलं, तरी विचारा: कशावरून? दाखव. मोजून दाखव. परत करून दाखव. ज्याला दाखवता येत नाही त्याच्या शब्दावर आपली लेकरं सोपवू नका."

रेषा ओलांडून दीडशे माणसं फाटकापाशी आलेली पाहून पहारेकरी आत पळाला. थोड्या वेळानं तोच रंगीत चित्रांचा साहेब बाहेर आला.

"दिवसाला किती लिटर पाणी उपसता?" काटेबाईनं विचारलं.

"ते... वर विचारून सांगावं लागेल."

"विचारा," ती म्हणाली आणि फाटकासमोर मांडी घालून बसली. तिच्यामागे एकेक करून सगळे बसले. "आम्ही थांबतो."