आमेनच्या आधी गेलेला डबा

विश्वासाने डोंगर हलतात, असे शास्त्रवचन आहे. सोलापूरच्या एका मिशन शाळेत, बहात्तरच्या दुष्काळात, भर प्रार्थनेत दुधाच्या पावडरीचा डबा हलला. डोंगर जागचे जागी राहिले.

मुलांसाठी मदतीत आलेला तो डबा टेबलावर होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, ती पावसापासून सुरू होऊन पंतप्रधानांपर्यंत गेली. आमेन झाले, शाळेने डोळे उघडले, तर डबा नाही. हेडमास्तर हिवाळे सरांनी दाराजवळच्या कासीमचा कान धरला. कासीम टांगेवाल्याचा मुलगा. त्याच्याजवळ डबा सापडला नाही, यावरून तो किती तयारीचा चोर आहे हे सरांनी ओळखले.

"कोणी पाहिलं?" सरांनी विचारले.

प्रार्थनेत डोळे उघडले तर पाच छड्या, असा शाळेचा नियम. त्यामुळे बाईंनी पाठ फिरवताच खडू फेकणारी सातवी ब त्या दिवशी एकजात भाविक निघाली.

वर्गशिक्षिका वच्छलाबाई साळवेंनी मात्र पाहिले होते. हिवाळे सरांनीच तो डबा उचलून खिडकीतून मल्लप्पा शिपायाच्या हाती दिला होता, आणि मल्लप्पा सायकलवर निघून गेला होता. बाई हंगामी होत्या. कायम केल्याची ऑर्डर पाळकसाहेबांच्या टेबलावर सहीला पडून होती. आणि तिच्याशेजारीच कासीमचा शाळा सोडल्याचा दाखला.

बाई ऑफिसात गेल्या आणि हिवाळे सरांच्या देखतच सगळे सांगून मोकळ्या झाल्या.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे प्रार्थना चालू असताना तुमचे डोळे उघडे होते?"

"होय, साहेब."

"कधीपासून?"

"नोकरीला लागल्यापासून. सातवी ब आहे, साहेब. मौला पुढच्याचा सदरा बाकाला बांधतो."

"देवासमोर उभं राहून तुम्ही मौलाकडे बघता?"

"देव काही बांधत नाही, साहेब."

पाळकसाहेब हिवाळे सरांकडे वळले. सरांनी खाली मान घातली.

"माझे डोळे मिटलेले होते, साहेब. हातात काय आलं अन् कुठं गेलं, मला कसं दिसणार?"

पाळकसाहेबांना हे पटले. पावडरीचे नंतर पाहू, म्हणाले. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाऱ्या बाईची साक्ष धरता येत नाही, सबब कासीमचा दाखला कायम. बाईंची ऑर्डर त्यांनी फाडली नाही. घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. महिनाअखेर बाईंनी यायचे बंद करावे, असे ठरले.

दाखला घेऊन कासीम फाटकाशी उभा होता.

"बाई, मी बी बघितलं हुतं. सगळ्यांनीच बघितलं की."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुमीच सांगितलं हुतं ना, परार्थनेत डोळे मिटायचे म्हणून. तुमचे बी उघडेच हुते. मला वाटलं, बोललो तर तुमालाच छडी बसंल."

बाई त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण लावायला गेल्या. ते तुटलेलेच होते, हातात आले.

तेवढ्यात मागून हिवाळे सर आले. चेहऱ्यावर राग नाही, उलट आवाजात घरच्यासारखी माया.

"बाई, महिनाअखेरपर्यंत तुम्ही आहातच. उद्यापासून प्रार्थनेला जरा दाराशी उभ्या राहाल का? कोण कोण डोळे उघडतं, तेवढं बघून सांगा."