फळीवरचे दोन ठोके

“काल्यो! ओ दे ना रे!”

हेल्वेचा घसा बसला होता. फळ्यांची वाट पुढे धुक्यात शिरून दिसेनाशी झाली होती. दोन्ही बाजूंना दलदल. वरून गादीसारखी मऊ, आत माणूस गिळणारी. अंधार पडायला फार वेळ नव्हता. काल रात्री पाणी गोठलं होतं, आजही गोठणार. आणि तिचा नवरा काल्यो घरातल्या सपाता घालून गेला होता. ती तळघरातून बटाटे घेऊन वर आली, तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं.

“काकू, तुम्ही गाडीत बसा बरं,” अभयारण्याचा रखवालदार रेइन म्हणाला. “आम्ही मारतोय ना हाका.”

“गाडीत बसून काय करू? मोजे विणू?”

रेइनच्या आधी कितीतरी वर्षं ही रखवाली काल्योचीच होती. या फळ्या त्यानेच ठोकल्या होत्या. त्याचा कायदा एकच: फळीवर पाय पडला की तोंड बंद. ओरडणाऱ्याला तो मागे फिरवायचा. मग तो मंत्री का असेना. सांगायचं ते फळीवर ठोकून सांगायचं. दोन ठोके म्हणजे, पक्षी आहेत, जपून या. लग्नाच्या वर्षी हेल्वे पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिची टकळी थांबेना. “बोलायचंच असेल तर शेतात जा. बटाटे ऐकून घेतील,” तो म्हणाला होता. केवढी रुसली होती ती! मग संध्याकाळी क्रौंचांचे थवे उतरले आणि तिची वाचाच बसली.

पलीकडून शोधणारे पुन्हा एकदम ओरडले, “काल्योऽऽ!”

हेल्वे जागीच थांबली.

“गप्प कर त्यांना, रेइन.”

“काय बोलताय काकू? हाका नको मारू?”

“तो ओ देणार नाही. बाकी सगळं विसरला असेल, पण हे नाही. आपण ओरडतोय म्हणूनच तो मुका बसलाय!”

रेइनने शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. हेल्वे गुडघ्यांवर बसली. दोन ठोके मारून तिने ओल्या फळीला कान लावला. नुसतं तिचंच काळीज वाजत होतं. ती पुढे सरकली, पुन्हा ठोकलं. काही नाही. “देवा, पाण्यात नको,” ती पुटपुटली. वाट फुटते तिथे, बंद केलेल्या जुन्या फाट्यावर, तिने मूठ आपटली.

धुक्यातून उत्तर आलं. ठक्. ठक्.

कुजलेल्या फळ्यांच्या टोकाशी तो बसला होता. एक सपात गेलेली, पाऊल निळं पडलेलं. हेल्वेने अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला, पायाला मफलर गुंडाळला. तिचे ओठ हलताच त्याने बोट वर केलं. क्रौंच उतरत होते. मागे रेइन घोंगडी घेऊन जागच्या जागी थबकला.

काल्यो तिच्याकडे वळून अदबीने कुजबुजला, “बाई, तुम्हाला गप्प बसता येतं. फार थोड्यांना येतं.” मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “एकट्याच आलात? यजमान कुठे राहिले?”

हेल्वेने त्याच्या पायावरचा मफलर नीट केला.

“येताहेत मागून.”

“मग जागा ठेवायला हवी,” म्हणत तो हळूच बाजूला सरकला. दोघांच्या मधे एका माणसापुरती फळी मोकळी राहिली.