पोटातला बुडबुडा

मी एक जुनी लेव्हलची नळी आहे. वीस हात लांब, बोटभर जाड आणि एके काळी आरपार दिसणारी. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून एका गवंड्याच्या पिशवीत, एवढंच माझं बालपण. माझ्यात पाणी भरलं, की मी कितीही वाकडीतिकडी पडलेली असले तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथे गवंडी भिंतीवर खुणा करतो आणि त्या खुणा धरून जमीन सपाट करतो. "पाणी खोटं बोलत नाही," असं आमचे मिस्त्री सांगत. मित्रांनो, मी एकदा खोटं बोलले.

ते घर एक बाई रजा काढून बांधून घेत होत्या. रोज विटांच्या थप्पीवर बसून त्या एकूण एक काम बघत. त्यांचे सासरे चाकांच्या खुर्चीत असत. भाड्याच्या घरात प्रत्येक उंबऱ्याशी थांबून त्यांना हाक मारावी लागे, "कुणी आहे का रे?" त्या हाकेनं बाईंच्या काळजाला घरं पडत. म्हणून नव्या घरात एकही उंबरा नको, सगळ्या खोल्या एका पातळीत हव्यात, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

कोबा घालायच्या दिवशी मिस्त्री फुरंगटलेले होते. आदल्याच दिवशी बाईंनी त्यांना एक तिरकी भिंत पाडायला लावली होती. रागारागात त्यांनी मला नळाखाली भरलं आणि एक बुडबुडा माझ्या पोटात अडकला. अशी हवा अडकली, की दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर राहत नाही. पुढच्या खोलीत खूण झाली, मागच्या खोलीत झाली. दोन बोटांचा फरक! माझा जीव टांगणीला लागला. बाहेर कोब्याचा सिमेंट-वाळूचा माल कालवून तयार होता. एकदा ओतून वाळला, की दगडच. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

"घाला रे माल!" मिस्त्री म्हणाले.

"थांबा." बाई उठल्या. "रोज तुम्ही आधी नळीची दोन्ही टोकं जवळ धरून बघता. आज नाही बघितलंत."

"वहिनी, पंचवीस वर्षं हेच करतोय. आता तुम्ही शिकवणार मला? माल वाळतोय तिकडे!"

"वाळू दे. हातच्या काकणाला आरसा कशाला? धरा टोकं."

कामगार भरली घमेली घेऊन तसेच उभे राहिले. मिस्त्रींनी मला हिसका देऊन उचललं आणि दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरली. एकात पाणी वर, दुसऱ्यात दोन बोटं खाली. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी टिचक्या मारमारून बुडबुडा काढला, भिंतीवरच्या खुणा पुसल्या आणि नव्यानं केल्या. मग खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, उद्याही विचारत जा."

घर पुरं झालं त्या दिवशी मी मिस्त्रींच्या खांद्यावर होते. बाईंचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा, स्वतः चाकं फिरवत पुढच्या खोलीतून थेट मागच्या खोलीत गेले. बाई स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या होत्या. हाक आली नाही.

आता मिस्त्रींकडे लेझरचं यंत्र आहे. मी पिवळी पडून खिळ्याला टांगलेली आहे. वाईट वाटतं, पण मला विसरलात तरी चालेल. फक्त "बघितलंत का?" असं विचारणाऱ्या माणसावर रुसू नका, मित्रांनो. त्या दिवशी कुणी विचारलं नसतं, तर ते आजोबा आजही मागच्या खोलीच्या दाराशी हाक मारत बसले असते.