शून्यापासून मोजणारी दोरी

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो; पण जुनी म्हणून मला हलक्यात घेऊ नका. तरुणपणी मी होडीवर होते, माशांनी भरलेली जाळी ओढत होते. होडी विकली गेली आणि मी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या या शाळेत आले. मला वर्गात भिंतीलगत ताणून बांधलं आणि बर्फात खेळून आलेल्या मुलांचे लोकरी हातमोजे माझ्यावर वाळू लागले. काय ते सुखाचे दिवस होते!

मग हातमोजे वाळवायचं विजेचं कपाट आलं. मला कुणी विचारेना. फार वाईट वाटलं. एका सकाळी शाळेची देखभाल करणारे ओडवार कात्री घेऊनच आले. तोरुनबाईंनी त्यांना अडवलं.

"थांब रे! आज मला मुलांना कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली यादी शिकवायचीय. ती हिच्यावरच शिकवणार."

"दुपारपर्यंत थांबतो," ओडवार म्हणाले. "जमलं तर राहू दे. नाहीतर कापणार."

बाईंनी ओले-कोरडे मोजे सरकत्या चिमट्यांनी माझ्यावर लावले. खिडकीजवळचा मोजा शून्य नंबरचा.

"पहिला म्हणजे एक ना!" एस्किल ओरडला.

"ते कॉम्प्युटरला सांग, तो शून्यापासून मोजतो," बाई हसल्या.

नियम असा, की एखादा मोजा काढला तर पुढचे सगळे खिडकीकडे सरकवायचे, मधे फट ठेवायची नाही. मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या!

मग बाईंनी आव्हान दिलं: सगळे ओले मोजे काढून दाखवा. एस्किल डोक्यावर पातेलं घालून यंत्रमानव झाला आणि इसेलिन हुकूम सोडू लागली.

"शून्य बघ. कोरडा. एक बघ. ओला? काढ! आता दोन बघ..."

ओळ संपली. ओडवारांनी मोजे चाचपले. "हा काय, ठिबकतोय अजून!"

"पातेल्यात डोकं आहे की नाही?" इसेलिन एस्किलवर खेकसली.

"तू सांगितलंस तेच केलं! यंत्र आहे मी!"

ओडवारांनी कात्री उघडली. माझा जीव टांगणीला लागला.

इसेलिनने मोजे पुन्हा लावले आणि सावकाश करून पाहिलं. एक नंबरचा मोजा काढल्याबरोबर शेजारचा ओला मोजा सरकून एक नंबरवर आला, आणि एस्किल तर निघाला दोनकडे!

"अरे, हा ओला मोजा आपल्याला चकवून मागे जातोय!" ती उडीच मारून म्हणाली. "शेवटून सुरू कर! मग सरकतील ते आधीच बघून झालेले असतील."

एस्किल शेवटून निघाला. एकही ओला मोजा उरला नाही. वर्गात असा काही धिंगाणा झाला की पातेलं घरंगळत दाराबाहेर गेलं.

ओडवारांनी कात्री खिशात घातली आणि आपला भिजलेला मोजा काढला. "हा कुठे लावू? शेवटी?"

"शून्यावर!" पोरं एका सुरात ओरडली, आणि माझ्यावरचा प्रत्येक मोजा एकेक जागा सरकला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं जुनं काही असेल. कात्री उचलण्याआधी त्याला दुपारपर्यंत तेवढा वेळ द्या.