हिरव्या वायरीवरचं गाणं

मास्तरांच्या घरी गरम पाण्याचा टब आला तो मास्तरीणबाईंच्या गुडघ्यासाठी. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि डॉक्टरांनी बजावलं की रोज दुपारी गरम पाण्यात बसून पाय हलवत राहायचं, नाहीतर गुडघा आखडेल तो कायमचा. मुलाने तातडीने टब मागवला आणि मागच्या दारी, भिंतीलगत, फरशीवर बसवून दिला. टब प्लॅस्टिकचा, चांगला ऐसपैस. खालच्या कप्प्यात पाणी तापवणारा हीटर आणि पाणी घुसळणारी मोटर. चढायला-उतरायला एक चकचकीत स्टीलचा कठडा.

सगळं छान होतं, फक्त मास्तरीणबाई त्यात बसायला तयार नव्हत्या.

"मी काय म्हैस आहे, तासभर डुंबायला?" त्या म्हणाल्या.

मास्तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत आले होते. हट्टी पोराला कसं वळवायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण हट्टी बायकोपुढे ती विद्या चालत नसे. शेवटी तोडगा मास्तरीणबाईंनीच काढला. दुपारी रेडिओवर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागतो. तो पाण्यात बसून नीट ऐकू आला तर बसेन, नाहीतर तुमचा टब तुम्हालाच लखलाभ.

मास्तरांनी कपाटातला जुना ट्रान्झिस्टर काढला. मुद्दाम तोच. तो बॅटरीवर चालणारा होता. टबाच्या आसपास भिंतीतल्या विजेवर चालणारी कुठलीच वस्तू आणायची नाही, हा त्यांनी घातलेला दंडक होता. "पाणी आणि वीज यांची सोयरीक नको," असं ते वर्गातही सांगत आले होते. ट्रान्झिस्टर स्टुलावर ठेवला, टब चालू केला, आणि गाण्याऐवजी नुसती खरखर सुरू झाली. कोणीतरी कढईत वाळू परततंय असं वाटावं.

मग मास्तरांनी चंगच बांधला. रेडिओच्या एरियलची दांडी हवी तशी वळवून पाहिली. स्टुलावर स्टूल चढवलं. कपडे वाळत घालायच्या तारेला वायर बांधली. मागे स्टीलचं ताट उभं केलं. मास्तरांची धाकटी बहीण याच घरात राहायची, तिला सगळे आत्या म्हणत. तिच्या विणायच्या सुयासुद्धा एक दिवस रेडिओला लटकल्या.

"दादा, त्या माझ्या सुया परत द्या. स्वेटर अर्ध्या बाहीवर अडलाय."

"असू दे गं. तुझ्या स्वेटरपेक्षा वहिनीचा गुडघा मोठा आहे."

"सुजलाय म्हणून मोठा दिसतोय," आत्या म्हणाली.

पाण्यातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता मला छपरावर नेऊन बसवा, तेवढंच राहिलंय." दोनचार दिवस त्या जेमतेम पाय भिजवून बाहेर आल्या. गुडघा पुन्हा घट्ट व्हायला लागला होता. रात्री कूस बदलताना त्या दात आवळून घेत, आणि मास्तर अंधारात डोळे उघडे ठेवून ते ऐकत.

म्हणून एका सकाळी मास्तरांनी मेन स्विच बंद केला आणि टबाच्या खालचा कप्पा उघडला. काम करताना वीज बंद ठेवण्यात मास्तर पक्के होते. आत त्यांना एका स्क्रूवर दोन हिरव्या वायरी आवळलेल्या दिसल्या. एक घराकडे गेलेली. दुसरी टबाच्या पोटात शिरून हीटरच्या पत्र्याला, मोटरच्या अंगाला आणि वर कठड्याला जोडलेली. मास्तरांचे डोळे चमकले. एवढं मोठं धातूचं जाळं इथे आयतं पसरलंय आणि आपण विणायच्या सुया कसल्या बांधत बसलोय? त्यांनी दुसरी वायर सोडवली आणि तिला एक तुकडा जोडून तो थेट ट्रान्झिस्टरच्या दांडीला गुंडाळला.

हिरवी वायर कशासाठी असते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी ते फळ्यावर हिरव्या खडूने तीच वायर काढत आणि मुलांना समजावत, की यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वायरीतून जमिनीत जाते. पण फळ्यावर ती एकटी असायची. इथे दोन होत्या, आणि एक काढली तरी दुसरी आहेच, असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

त्या दुपारी खरखर बरीच निवळली आणि गाणं ओळखू येऊ लागलं. मास्तरीणबाईंनी कठडा धरला की ते आणखी उजळ व्हायचं.

"वहिनी, कठडा सोडू नका, तुमच्यामुळे कडवं चाललंय," आत्या म्हणाली.

"घरात माझ्यामुळे बरंच काही चालतं. आज कळलं का, वन्सं?"

मास्तरीणबाई पूर्ण तासभर बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा काटकोनात वाकला. आणखी एक गोष्ट झाली. टब आल्यापासून घरातली वीज अधूनमधून आपोआप जायची, सुरक्षेचं बटण खाली पडायचं. वायर हलवल्यापासून तेही थांबलं. मास्तर खूश झाले. कुठलातरी सैल जोड आपल्या हातून बरा झाला, असं त्यांना वाटलं.

त्यानंतरची दुपार. मास्तरीणबाई पाण्यात उतरल्यावर आत्याने टबाशेजारची रबरी चटई काढून, घासून उन्हात टाकली होती आणि त्यामुळे फरशी ओली होती. मास्तरीणबाई पाण्यात, मास्तर जरा लांब खुर्चीत डोळे मिटून. पाणी जास्त तापलंय का ते बघायला आत्या अनवाणी पुढे आली, वाकली आणि तिने बोटं पाण्यात घातली. लगेच काढून घेतली.

"या पाण्याला मुंग्या आल्यात," ती म्हणाली.

"काहीतरीच. मी मघापासून बसलेय, मला नाही चावल्या."

"चावणाऱ्या नव्हेत हो. पाय बधिर झाल्यावर येतात तशा. मनगटापर्यंत आल्या."

"हात झोपला असेल तुमचा. तुम्हीही बसल्या बसल्या झोपता, तसा."

मास्तरांनी डोळे उघडले. आधी त्यांनाही हसू येत होतं, पण ते ओठांवर यायच्या आत विरलं. पाण्यात बसलेलीला काहीच होत नाही, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेलीला मुंग्या येतात.

हीटरच्या पत्र्यात वीज उतरली होती. बटण खाली पडायचं ते याचमुळे. हिरवी वायर जागेवर असताना ती वीज जमिनीत जायची आणि बटण पडून घराला सावध करायचं. मास्तरांनी वायर काढली, विजेची वाट बंद झाली आणि बटणही गप्प झालं. आता पत्रा, पाणी, कठडा आणि पाण्यात बसलेलं माणूस, सगळ्यांत सारखीच वीज भरून होती. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, तसं आत बसलेल्या माणसाला काही होत नव्हतं. पण एक पाय पाण्यात किंवा हात कठड्यावर, आणि दुसरा पाय ओल्या फरशीवर पडला, की त्या विजेला जमिनीची वाट मिळणार होती, आणि ती वाट मास्तरीणबाईंच्या अंगातून जाणार होती. इतके दिवस त्या उतरल्या होत्या त्या रबरी चटईवर. ती चटई आज उन्हात वाळत होती.

"थांबा, मीच बाहेर येऊन हात घालून बघते," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कठडा धरून चांगला पाय उचलला.

ओरडावं तर त्या दचकून बाहेर पडतील. धावत जाऊन धरावं तर दोघंही संपू. मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनाच अनोळखी वाटला, इतका हळू होता.

"बस. उठू नकोस."

"का? पुन्हा एरियल हवंय का माझं?"

"हो," मास्तर म्हणाले. "गाणं बिघडतंय. दोन्ही हात पाण्यात ठेव आणि मी सांगेपर्यंत अजिबात हलू नकोस."

"यांचं एकेक नवीनच," असं पुटपुटत त्या पुन्हा खाली टेकल्या.

"तू मागे हो," मास्तर आत्याला म्हणाले. "घरात जा. कशालाही हात लावू नकोस." आत्याने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उलट काही न विचारता ती मागे सरली. हे तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

मेन स्विच बोळात होता. मास्तर तिथवर कसे गेले ते त्यांना नंतर आठवेना. चालताना एकच गोष्ट डोक्यात होती. लग्न झाल्यापासून आपण 'बस' म्हटल्यावर ही कधी बसलेली नाही. त्यांनी खटका खाली ओढला. स्वयंपाकघरातला फ्रिज घुरघुरायचा थांबला. मागच्या दारची मोटरही थांबली.

आणि मागच्या दाराकडून गाणं ऐकू आलं. खरखर नाही, घूं नाही. गाणारीने श्वास घेतलेलाही कळावा असं लख्ख गाणं. पण बाकी कोणाचाच आवाज नव्हता. बायको कधी इतका वेळ गप्प बसत नसे.

मास्तर धावले. मास्तरीणबाईंचे डोळे मिटलेले होते. मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं. मास्तर दारातच थांबले. मग स्थिर झालेल्या पाण्याखाली त्यांना बायकोच्या पायाचा अंगठा दिसला. तो ठेका धरत होता.

"काय सुरेख लागलं हो," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "मोटर बंद केली ना तुम्ही? म्हणजे सगळी खरखर त्या मोटरचीच होती. आधीच बंद केली असती तर एवढे उपद्व्याप तरी वाचले असते."

मास्तरांनी आधी हाताची मागची बाजू कठड्याला लावून पाहिली. मग चटई आणून अंथरली आणि बायकोला दोन्ही हातांनी धरून बाहेर घेतलं. तिला खुर्चीत बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि समोर उभं राहून सगळं सांगितलं. वर्गात सांगत तसंच, पायरीपायरीने. स्क्रूवरच्या दोन वायरी, पडायचं थांबलेलं बटण, वाळत टाकलेली चटई. काहीच गाळलं नाही.

आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "चटई मी काढली," ती म्हणाली.

"तू काढलीस म्हणून कळलं," मास्तर म्हणाले. "वायर मी काढली."

मास्तरीणबाईंनी हात लांब केला आणि गाणं अर्ध्यावर असताना रेडिओचं बटण फिरवलं. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

मास्तर फरशीवर बसले आणि खालचा कप्पा उघडून हिरवी वायर पुन्हा स्क्रूवर चढवायला लागले. वायर स्क्रूवर बसत नव्हती. दोनदा पेचकस हातातून सटकून खाली पडला.

"राहू द्या," मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "मिस्त्रीला बोलवा. हीटरही त्यालाच बघू दे."

"बोलावतो. मग बसशील ना तू? गुडघा..."

"बसेन. पण आधी तुम्ही बसायचं, आणि तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथे चटईवर उभी राहणार."

"बरं," मास्तर म्हणाले.

टबातलं पाणी निवायला संध्याकाळ झाली. वीज बंद होती, कठडा निर्धोक होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी तोवर कोणीही त्या बाजूला फिरकलं नाही.