बायजाबाईचा न उठलेला अंगठा

मी स्टॅम्प पॅड बोलतोय. साहेबांच्या शिक्क्यांचा नव्हे, माणसांच्या अंगठ्यांचा. नागपूरच्या कोर्टाच्या आवारात, झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीस देवरावांच्या टेबलावर माझी हयात गेली.

पत्र्याची डबी, आत चिंध्यांची गादी, वर मलमल आणि जांभळी शाई, एवढाच माझा जन्म. चौसष्ट साली देवरावांनी मला विकत आणलं. सही करणारे माझ्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि अंगठेवाले मला घाबरतात. शाई लागली की माणसं तो हात अंगापासून लांब धरून उभी राहतात. मला त्याची मोठी गंमत वाटायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कुही तालुक्यातून बायजाबाई आली. नवरा वारलेला, पोटात गाठ, डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. सोबत एकुलती लेक जयवंता. अंगानं मोठी झालेली, पण आईचा पदर बोटाला गुंडाळून बसलेली. बोलणं दोन-चार शब्दांचं, वेणीफणी आईनं करायची.

"मी गेल्यावर हिले माह्या बहिणीच्या, गोपिकाच्या हाती द्या," बायजाबाई म्हणाली. "कोर्टाचा कागद पायजे भाऊ. बापाचं तीन एकर वावर हिच्या नावानं हाये. कागद नसन तं माहा दीर वावर घेईन अन् हिले बाहेर काढीन."

देवरावांनी पालक नेमण्याचा अर्ज लिहिला. पण तसा पालक अठराच्या आतल्या लेकराला मिळतो, म्हणून कोर्टानं वयाचा दाखला मागितला आणि तिथेच घोळ झाला. पोर खरी सोळाची. लहानपणी दिराचा मुलगा अनंत शाळेत जायला लागला, तेव्हा त्याचा हात धरून हीही जाईल, या आशेनं बायजाबाईनं मास्तरांना गळ घालून हिचं वय तीन वर्षांनी वाढवून लिहून घेतलं होतं. शाळा पंधरा दिवसही झाली नाही. दाखल्यावर मात्र ते वय राहिलं. गावच्या कोतवालाकडच्या जन्मनोंदी पाहाव्यात, तर त्या सालची पानं वाळवीनं खाल्लेली. कोर्टानं शाळेचा कागद धरला. मुलगी एकोणीस वर्षांची, सज्ञान, म्हणून अर्ज फेटाळला.

देवरावांनी दुसरा अर्ज लिहिला, सज्ञान माणसालाही पालक देणाऱ्या दुसऱ्या कायद्याखालचा. बायजाबाईनं अंगठा माझ्यावर दाबला. तापानं तो कढत होता. मग हात तसाच धरून ती म्हणाली, "काय लिवलं, वाचा बरं भाऊ."

"सदर मुलगी वेडी असल्याने..." देवराव वाचू लागले.

"वेडी काहून लिवलं?"

"कायदाच तसा हाये बाई. त्या शब्दाबिगर अर्ज घेत नाहीत."

"माही पोरगी वेडी नाही. तिले मानूस समजते. मी रडली का माहे डोये पुसते ते. अन् वेडी म्हणून कागद झाला तं गावातले पोट्टे गोटे मारतीन तिले."

देवरावांनी समजावून पाहिलं. तिनं अंगठा पदराला पुसला, लेकीला उठवलं आणि ती निघून गेली. मला तिचा केवढा अभिमान वाटला! आज त्या अभिमानाची लाज वाटते. शाई अंगठ्याला लागली होती आणि कागद वीतभर लांब होता.

दिवाळीआधी बायजाबाई वारली. गोपिका भाचीला न्यायला गेली, तर दिरानं, म्हणजे चंपतरावानं, तिला दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या मार्चात चंपतराव जयवंताला घेऊन आवारात आला. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. देवरावांनी लिहायला नकार दिला. मग शेजारच्या टेबलावर विक्रीपत्र झालं. त्या अर्जनवीसाची शाई वाळली होती, म्हणून त्यानं मला मागून नेलं. देवराव नाही म्हणाले नाहीत.

दस्त मोठ्यानं वाचून दाखवला गेला. "मी जयवंता, वय वर्षे वीस, माझी जमीन चंपतराव यांना राजीखुशीने व अक्कलहुशारीने विकत आहे."

आपल्या लेकीला वेडी न म्हणणारा कागद बायजाबाईला हवा होता. तो हा असा झाला.

"कर वं अंगठा," चंपतराव म्हणाला.

"माय कुठी?"

"येते. पयले अंगठा कर."

तिनं केला. माय येणार म्हणून चांगला जोर लावून केला.

गोपिका नंतर देवरावांकडे येऊन विचारून गेली, आता काही होतं का म्हणून. देवरावांनी माझं झाकण लावलं. जयवंता नागपूरजवळच्या वाडीला एका गोदामात झाडलोट करते, तिथेच पोत्यांवर निजते आणि पालकाचा कागद नाही म्हणून तिला मावशीच्या हाती देत नाहीत, असं गोपिकानंच सांगितलं. त्यानंतर देवरावांनी आवारात बसणं सोडलं. मी त्यांच्या घरी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. मलमल वाळून कडक झाली आहे. कुणाच्या हाती लागलो, तर माझ्यात शाई घालू नका, एवढंच मागणं होतं.

पण आणखी एक मागतो. तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर कागदावरचा शब्द कितीही वाईट असू दे, अंगठा करा. शब्दाशी मागाहून भांडा. बायजाबाई आवाराच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी धावत जाऊन तिला हे सांगायला हवं होतं.