टेलपर्यंत पाणी

आजार माणसाला नम्र करतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. पाटकरी बाओलिनला मात्र त्यानं बडबड्या केलं.

"सुरू करा की," तो शाओ डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"संपलं," त्या म्हणाल्या.

शाओबाई जुन्या पद्धतीच्या चिनी औषधांच्या डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात तळमजल्यावर बसत. त्यांनी बाओलिनच्या दोन्ही मनगटांची नाडी पाहिली होती, जीभ उलटी करायला लावून खालच्या काळपट शिरा पाहिल्या होत्या, 'हं' म्हटलं होतं. मग त्याला छताकडे बघायला सांगून बोथट सुईनं तळपायावर बारा ठिकाणी टोचलं होतं. टोचलं की 'हो' म्हणायचं, असं ठरलं होतं. बाओलिन चार मिनिटं वाट बघत छत न्याहाळत राहिला होता.

"परवा चपलेत खडा घेऊन सगळा बाजार फिरून आला हा," त्याची बायको ग्वेयिंग म्हणाली. "घरी खडा खाली पडला, तर मलाच विचारतो, कुणी टाकला?"

"तू मधे बोलू नकोस, म्हातारे."

साखरेचा आजार होऊन त्याला चौदा वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर दर खेपेला 'नसा खराब झाल्यात' असं सांगत आणि तो मान डोलावत असे. नसा नेमक्या कुठे असतात आणि खराब होऊन काय करतात, हे विचारायची त्याला लाज वाटे.

"काका, तुम्ही कालव्यावर होतात ना?" शाओबाईंनी विचारलं. "टेलच्या, कालव्याच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही, तर आधी काय बघता?"

"आधी वर. मुख्य गेटला पाण्याला जोर आहे का. मग गाळ."

"आमच्याकडेही तेच. आमच्या जुन्या पोथ्यांत या आजाराला तहानेचा रोग म्हणतात. अंग वर्षानुवर्षं आतून सुकत जातं. आतला ढकलणारा जोर असतो, आम्ही त्याला 'ची' म्हणतो, तो कमी पडतो. जोर कमी म्हणून रक्त रेंगाळतं. रेंगाळलं की गाळ बसतो. आणि पाय म्हणजे..."

"टेल!" बाओलिन एवढ्या जोरात ओरडला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

"आधी मुंग्या आल्या असतील."

"दोन वर्षं!"

"तेव्हा जोर कमी झाला. मग लाकूड झालं."

"मागच्या वर्षी!"

"तेव्हा गाळ बसला."

बाओलिन एका पायात मोजा घालून उभा राहिला. चौदा वर्षांत आपल्याला काय झालंय हे त्याला आज कळलं होतं, आणि ते निघालं त्याच्याच खात्यातलं.

शाओबाई लिहीत होत्या. "काढा दोन वेळा, सुया आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी औषधाच्या पाण्यात पाय. पाणी कोमटच, आणि ते काकूंनी कोपर बुडवून बघायचं, तुम्ही नाही. साखरेच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. ते वरचं गेट आहे."

"वरचं गेट!" बाओलिननं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस, म्हातारे?"

"गाळ निघेलच असं वचन मी देत नाही. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

बाओलिनची दुसरी थाप हवेतच राहिली. ग्वेयिंग खिडकीबाहेर बघू लागली.

कारण एप्रिलला तीन महिने उरले होते. एप्रिलमध्ये पीत नदीचं पहिलं पाणी कालव्याला सुटतं, आणि त्या दिवशी जुना पाटकरी टेलच्या चारीच्या, शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या तोंडाशी कोरड्या तळात अनवाणी, डोळे मिटून उभा राहतो. पाणी तळव्याखालून सरकलं की त्यात वाळू किती आहे ते त्याला कळतं. वाळू जास्त असेल तर तो 'थांबा' ओरडतो आणि गेट उतरवतात, नाहीतर टेलची शेतं वाळूखाली जातात. वाळू नसेल तर 'येऊ द्या'. बाओलिननं हे काम एकतीस वर्षं केलं होतं. गेल्या वर्षी तो 'येऊ द्या' ओरडला आणि टेलच्या मा भाऊचा पाच बिघे गहू वाळूत गेला. मा भाऊ म्हणाला, नदीची मर्जी. गेल्या वर्षी म्हाताऱ्याला पाणी आलेलंच कळलं नव्हतं, लोकांचा गलबला ऐकून तो ओरडला होता, हे फक्त ग्वेयिंगला ठाऊक होतं.

"यंदा खरं लागलं तरच उभा राहीन," तो तिला म्हणाला. "नाहीतर सगळ्यांसमोर सांगून टाकीन."

मग तीन महिने त्यानं घराला आणि गल्लीला काही सुचू दिलं नाही. काढा कडू होता, तो त्यानं पाहुण्यांनाही प्यायला दिला. नूडल्सच्या दुकानात टेबलावर शेंगदाण्यांची चारी मांडून तो लोकांना त्यांचे आजार समजावून सांगू लागला. न्हाव्याची पाठ, शिक्षकाची अर्धशिशी, सगळीकडे त्याला गाळच दिसला. संध्याकाळी घमेल्यात पाय सोडून बसला की दर मिनिटाला घोषणा व्हायची.

"ऊन लागतंय! अंगठ्याला!"

"अजून पाणी घातलं नाही मी, म्हाताऱ्या."

पण मार्चअखेर शाओबाईंनी पुन्हा बारा ठिकाणी टोचलं, तेव्हा त्यानं दोनदा 'हो' म्हटलं, आणि दोन्ही वेळा सुई खरंच तिथे होती. त्या हसल्या. तो घरापर्यंत शिट्टी वाजवत आला. अनवाणी न चालण्याचा सल्ला त्यानं दोन भागिले बारा असा हिशेब करून रद्द केला.

पाणी सुटायच्या दिवशी अख्खं गाव काठावर होतं. कालवा कचेरीचा तरुण इंजिनियर लुओ कानाला फोन लावून उभा होता. बाओलिनची आरोळी गेटपर्यंत पोचवायचं काम त्याचं. बाओलिननं बूट काढून ग्वेयिंगच्या हातात दिले.

"नसलं लागत तर वर ये," ती हळूच म्हणाली. "कोणी खात नाही तुला."

तो तळात उतरला. डोळे मिटले. पाणी आलं, घोट्याला भिडलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की पोरं हसायची थांबली.

"थांबा!" तो ओरडला. "वाळू आहे! खडा आहे! लागतंय मला, उजव्या टाचेला!"

"थांबवा," लुओ फोनमध्ये म्हणाला.

"खरंच लागलं?" ग्वेयिंग काठावरून किंचाळली.

"लागलं गं म्हातारे! बारीक, पण लागलं!" आणि अडुसष्ट वर्षांचा बाओलिन पाण्यात दोन पावलं नाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मा भाऊ त्याला हात द्यायला खाली उतरला. त्यानं ओंजळ भरून पाणी बघितलं. "वाळू कुठाय, दादा? नेहमीचंच तर आहे."

बाओलिनला काठावर बसवलं तेव्हा उजव्या टाचेतून रक्त ठिबकत होतं. फळांच्या खोक्याचा दोन इंची खिळा होता तो, डोक्यापर्यंत आत. ग्वेयिंगनं डोक्याचा रुमाल सोडला, खिळ्याला हात न लावता टाच बांधली, आणि दवाखान्यात न्यायला कोणाची तरी गाडी आणा म्हणून पोराला पिटाळलं.

बाओलिन टाचेकडे बघत राहिला. मग चारीत उभ्या असलेल्या मा भाऊला म्हणाला, "मा, गेल्या वर्षी मला काहीच लागलं नव्हतं. अंदाजानं ओरडलो. तुझा गहू माझ्यामुळे गेला."

टाळ्या वाजवणारे हात आता कुठे ठेवायचे ते कोणाला कळेना.

"लुओ साहेब, पुढच्या वर्षी दुसरा पाटकरी बघा," बाओलिन म्हणाला. "आता सोडायला सांगा पाणी. उगाच अडवून ठेवलं मी."

"अडवलंय कुठे?" मा भाऊ म्हणाला. "दादा, हे बघा." मघाशी त्याच्या घोट्याला असलेलं पाणी आता गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

सगळ्यांनी लुओकडे बघितलं. लुओनं आपल्या बुटांकडे.

"बाबा, गेट गेली सहा वर्षं शहरातल्या कॉम्प्युटरवर चालतं," तो म्हणाला. "वाळू किती ते मीटर बघतो. गेल्या वर्षी मीटर बिघडला होता."

बाओलिननं थोडा विचार केला.

"मग फोनवर कोण असतं?"

"कोणी नसतं," लुओ म्हणाला.